वाटेतलं नाव

रॉबिनवेल
मार्चचा पहिला शनिवार

ती. तोआकासे अक्कास,
सेमीसीचा नमस्कार.

अक्षर ओळखलं असशीलच. आईसारखंच उजवीकडे कलतं, वारा लागलेल्या माडासारखं. हे पत्र लोसाच्या हाती देतोय. तिचा द्राक्षतोडणीचा हंगाम संपला, उद्या ती आपल्या बेटावर, वावाऊला निघतेय. टपालावर माझा भरवसा नाही. आणि खरं सांगायचं तर, माणसाच्या हातून आलेलं पत्र परत पाठवणं जरा अवघड जातं.

आमच्या घरात मूल आलंय. कालिसीची सहावी. कालिसी म्हणजे तुझ्या भावजयीची, नाइतेची मामेबहीण, हे तुला मी काय सांगावं. तिनं आपण होऊन दिली. म्हणाली, "नाइते, माझ्या मांडीवर आता जागा नाही, तुझी रिकामी आहे. घेऊन जा, आणि रडली तर माझ्यावर गेलीय म्हण." आपल्यात मूल देतात, घेतात, त्याचं कुणाला नवल नाही. इथल्या सरकारला मात्र ते समजावून सांगता सांगता माझे केस पिकले. असो. कोर्टाचे, व्हिसाचे सगळे कागद झाले. पोर आता आमची.

बाकी माझं बरं चाललंय. ज्या मळ्यात कात्री घेऊन वाकायला सुरुवात केली, त्याच मळ्यात आता मुकादम म्हणून उभा राहतो. आपल्याच गावांकडची तीस-चाळीस माणसं माझ्या गाड्यांतून कामाला जातात. पण हल्ली लोक मला मुकादम म्हणत नाहीत. "ती झोपली का?" एवढंच विचारतात. ती झोपत नाही.

दूध, दुपटी, असल्या गोष्टी बहिणीशी बोलायच्या नसतात, हे मी परदेशात राहूनही विसरलेलो नाही. म्हणून यापुढे तसलं काही आलं तर ते मी तुला सांगत नाही, समोरच्या भिंतीला सांगतोय असं धर. तू शेजारून जाता जाता ऐक.

आता काम. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मुलांच्या रविवारी, पाद्रीबुवा तिच्या डोक्यावर पाणी घालतील. तेव्हा नाव लागेल. कागदावर सध्या तात्पुरतं कालिसीचंच नाव लिहिलंय. भावाच्या मुलाचं नाव बहिणीनं ठेवायचं, ही रीत मला ठाऊक आहे. पण तू तिथे, आम्ही इथे, मध्ये समुद्र आणि बाकीचं सगळं. तुला तसदी नको म्हणून मीच एक नाव काढून ठेवलंय: ग्रेस. इथल्या शाळेत हजेरी घेताना बाईंची जीभ अडखळायला नको. तुझी फक्त मान हलली की झालं. लोसा तिथून मला फोन करेल तेव्हा तिच्याकडे "बरं" एवढा निरोप दे.

तुझा भाऊ
सेमीसी

*

रॉबिनवेल
मार्च संपत आला

ती. अक्कास,

लोसाचा फोन आला. पत्र तुला दिलं म्हणाली. तू हात पुसलेस, पत्र घेतलंस, ओंडक्याखाली सरकवलंस आणि परत झाडाच्या सालीचं कापड कुटायला बसलीस, एवढंच ती सांगते. "तोंडावर काय होतं?" मी विचारलं. "मुकादम, तोंडावर घाम होता," ती म्हणाली.

मी वाट बघतोय.

इथे आता सकाळी नदीवरून धुकं उठतं आणि मळ्यात शिरतं. वेलींच्या रांगांमधून माणसं चालताना कमरेपासून वरच दिसतात, पाय नसल्यासारखी. पोरीला छातीशी बांधून मी त्यात फिरतो. ती धुक्याकडे बघते, मी तिच्याकडे. कधी कधी वाटतं, आम्ही दोघंही अजून कुठे पोचलेलोच नाही, विमानातच आहोत.

तिला नाव नाही, म्हणून जो तो आपापलं नाव देतो. तोडणीच्या बायका तिला भोपळी म्हणतात. पेनी, माझा जुना साथीदार, तुला आठवत असेल, समोरचे दोन दात नसलेला, तो तिला "मालकीणबाई" म्हणतो. तुझ्यासमोर मी चेष्टा करायची नाही, म्हणून चेष्टा पेनीच्या तोंडी घालतो. परवा तो म्हणाला, "सेमीसी, सगळ्या मळ्याला तू हाकतोस, आणि तुला ही एवढीशी हाकते. हिलाच मुकादम कर, माल लवकर निघेल."

नाइते तिला कुठल्याच नावानं हाक मारत नाही. नुसती "ए" म्हणते, फार हळू. मी एकदा विचारलं, ग्रेस का म्हणत नाहीस. ती म्हणाली, "अजून तिचं झालेलं नाही ते."

आता भिंतीला सांगायची गोष्ट. दोन आठवडे ही पोर दिवसा झोपली नव्हती. पाळणा झाला, मांडी झाली, गाडीतून चक्कर झाली, चर्चमधल्या बायकांनी आळीपाळीनं भजनं म्हटली. डोळे टक्क उघडे. मग एका दुपारी मी अंगणात द्राक्षांची मोडकी पेटी दुरुस्त करत होतो. लाकडावर लाकूड, ठक ठक, ठक ठक. आतून रडणं थांबलं. मी हात थांबवला, रडणं सुरू. मी परत ठोकायला लागलो, शांत. नाइते दारात आली. तिच्या खांद्यावर पोरीची मान अशी कलंडलेली, की वाटलं तिच्यातलं हाड कुणी काढून घेतलंय.

तेव्हापासून रोज दुपारी मी ती पेटी बडवतो. बिनकामाची पेटी, दुरुस्त होऊन कधीच संपली, पण मी ठोकतो. शेजारचा इटालियन म्हातारा कुंपणावरून विचारतो, "काय बांधतोयस एवढं?" मी म्हणतो, "झोप."

हे कुठून आलं ते मला माहीत आहे, अक्का, आणि तुलाही. तिची आई तुझ्या परसाला लागून राहते. पोटात असल्यापासून पोरीनं तुमच्या साल कुटायच्या मोगऱ्यांचा आवाज ऐकला. आम्ही तिला न्यायला आलो तेव्हा पाच दिवस कालिसीकडे होतो. तूही पाच दिवस कुंपणापलीकडे बसून साल कुटत होतीस. एकदाही वर बघितलं नाहीस. मी रोज संध्याकाळी केळीच्या आड उभा राहून ऐकायचो. त्या सगळ्या बायकांत तुझी मोगरी मला वेगळी कळते. तू तिसरा ठोका जरा उशिरा टाकतेस. आईपण तसाच टाकायची.

हे लिहायचं नव्हतं. पण आता खोडत नाही.

मान हलव, अक्का.

सेमीसी

*

रॉबिनवेल
एप्रिलचा मधला आठवडा

तोआकासे अक्कास,

माझे कान अजून शाबूत आहेत, हे आधी सांगतो.

शुक्रवारी चर्चच्या मागे पुरुषांची कावाच्या मुळांचं पाणी प्यायची बैठक होती. मी पोरीला नाइतेकडे देऊन जरा उशिरा गेलो. दाराशी चपला काढत होतो तर आतून पेनीचा आवाज. वावाऊहून त्याच्या बायकोला फोन आलेला. तुझं बोलणं तो नकलेसकट सांगत होता: "माझ्या भावानं मला शिजवलेला मासा पाठवलाय आणि म्हणतोय, अक्का, हा तूच धरलास असं सांग."

सगळे हसले. मी चपला काढल्या, आत गेलो, मांडी घातली. पेनीनं वाटी पुढे केली आणि वरच्या छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, "मासा ताजा होता का, ते विचारलंस का रे?" मग मात्र सगळे इतके हसले की वाटी सांडली. मीही हसलो. मुकादमाला सगळ्यात आधी हसावं लागतं, नाहीतर माणसं दुसऱ्या गाडीत बसतात.

पण घरी येताना मी गाडी नदीकाठी थांबवली आणि बराच वेळ उतरलो नाही.

अक्का, तुला मासा आठवतो, तर मलाही काही आठवतं. आईच्या मयताला तू मानानं सगळ्यांच्या वर बसली होतीस, तो तुझा हक्क. नाइते खाली मयताला द्यायच्या चटया रचत होती. आणि तू सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणालीस, "रचा, रचा. माझ्या भावाच्या घरात चटयाच आहेत. त्यांवर रांगायला कोणी नाही. आईचं नाव आता आईबरोबरच पुरा."

बहिणीला उलट बोलायचं नसतं, म्हणून मी बोललो नाही. नाइतेनं शेवटची चटई ठेवली, तिच्या कडा सरळ केल्या, आणि बाहेर गेली. आम्ही निघताना तू रीतीप्रमाणे तिला एक चटई दिलीस. ती तिनं घेतली. इतकी वर्षं आमच्या पलंगाखाली आहे. एकदाही उलगडलेली नाही.

आता आमच्या घरात रांगायला कोणीतरी आलंय, तर तुला मासे सुचतात.

तुझी मान हलत नसेल तर राहू दे. मी पाद्रीबुवांना ग्रेस सांगतो.

सेमीसी

*

रॉबिनवेल
एप्रिलअखेर

ती. अक्कास,

मागचं पत्र ज्याच्या हाती दिलं त्याची गाडी विमानतळाच्या अर्ध्या वाटेत बंद पडावी, अशी मी प्रार्थना केली. पण तो माझ्याच गाडीतून गेला, आणि माझ्या गाड्या बंद पडत नाहीत.

ते पत्र मी नाइतेला वाचून दाखवलं होतं. पाठवल्यावर. शहाणपण नेहमी असंच पायरी चुकतं. वाटलं होतं ती म्हणेल, बरं सुनावलंत. ती पोरीला पाजत होती. (भिंत.) बाटली संपली, तिनं ती बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या अक्कांना मुलगे किती?"

"तीन. सगळे अमेरिकेत. तुला माहीत आहे."

"त्यांची नावं कुणी ठेवली?"

"त्यांच्या आत्यांनी. अक्काच्या नणंदांनी. दुसरं कोण ठेवणार?"

"म्हणजे तीन पोरं पोटातून काढली आणि एकालाही स्वतः नाव दिलं नाही," नाइते म्हणाली. "त्यांचा हक्क होता तो एकाच घरात. तुमच्या. आणि तुमचं घर रिकामं होतं. माझ्यामुळे."

मी म्हटलं, "तुझ्यामुळे कशाला—"

"थांबा हो. मला लागलं होतं, लागणारच. पण त्या दिवशी त्या माझ्यावर बोलल्या असं मला तेव्हा वाटलं. आता ही मांडीवर आल्यापासून वाटतं, त्या स्वतःवरच बोलत होत्या. आईचं नाव हातात धरून बसलेली बाई, आणि ठेवायला कुठे पोर नाही." मग तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली. "आणि आता पोर आली, तर तुम्ही काय केलंत? कामगाराकडून पावतीवर सही घेतात तशी मान मागितलीत. मीसुद्धा तुमच्या तोंडावर मासा मारला असता."

मी माणसं ओळखून पोट भरतो, अक्का. कोण दुपारनंतर ढिला पडेल, कोण घरच्या आठवणीनं रडेल, कोण न सांगता पळून जाईल, चेहऱ्यावरून सांगतो. आणि एवढं मला कळू नये.

तर ग्रेस नाही. ते नाव मी नदीत सोडलं. इथल्या शाळेतल्या बाईंनी जीभ वळवायला शिकावं, त्यांना पगार मिळतो त्याचा.

मी काही सुचवत नाही. काही धरलेलं नाही, काही शिजवलेलं नाही. पोर आहे. नाव नाही. ठेवणारी तू आहेस. ठेवलंस तर ती माझी होईल, म्हणजे आपली होईल. नाही ठेवलंस तर कागदावर ती माझीच, पण आपल्या लोकांत ती नेहमी "सेमीसीनं आणलेली" राहील. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

इथे आता पानगळीचे दिवस, वेली पिवळ्या पडल्यात. वारा नसतानाही पानं गळतात, एकेक, कुणीतरी विचार करून टाकल्यासारखी. मी पेटी ठोकतो, पोर झोपते, आणि कधी कधी ठोकता ठोकता माझाच डोळा लागतो. पण हात चालू राहतो, असं नाइते सांगते. तिसरा ठोका उशिरा पडतो म्हणे.

तुझा भाऊ
सेमीसी

*

रॉबिनवेल
मे, मुलांच्या रविवारनंतरचा गुरुवार

ती. अक्कास,

या पत्रातलं निम्मं तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण तुझ्या बाजूनं तू आवाज ऐकलास, मी माझ्या बाजूनं बघितलं.

रविवारी सगळं चर्च पांढरं. पोरं पांढरी, आया पांढऱ्या, बाहेरचं धुकंसुद्धा. पोरं एकेक करून पुढे आली, पाठ केलेली वचनं म्हणाली. पेनीचा नातू मध्येच अडकला आणि रडत रडत पुढचं म्हणून गेला, तर म्हाताऱ्या बायकांनी त्यालाच जास्त टाळ्या दिल्या. मग पाद्रीबुवांनी आम्हाला बोलावलं. पाणी तयार. बुवांनी पोरीला हातात घेतलं आणि विचारलं, "काय नाव ठेवलंय?"

मी तोंड उघडलं. तुझा निरोप आलेला नव्हता. खरं सांगतो, जिभेवर ग्रेस आलं होतं. सगळं चर्च बघतंय, पोर बुवांच्या हातात चुळबुळतेय, माणूस अशा वेळी हाताला लागेल ती फांदी धरतो.

नाइते पुढे झाली. आपली नाइते, जी चर्चमध्ये गाणंसुद्धा दुसरीच्या आवाजाआड गाते. ती म्हणाली, "बुवा, हिचं नाव अजून वाटेत आहे."

"कुठल्या वाटेत?"

"हिच्या आत्याकडून निघायचंय. आत्यानं ठेवल्याशिवाय आम्हाला पाणी नको."

मागच्या बाकांवर कुजबुज उठली. एक बाई म्हणाली, "आणि आत्यानं नाहीच ठेवलं तर?" नाइते वळली नाही. म्हणाली, "तर आम्ही वाट बघू. मला वाट बघायची सवय आहे."

बुवांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि पोर कोरडीच परत तिच्या हातात दिली. जेवणाच्या वेळी कुणी माझ्या डोळ्याला डोळा देईना. फक्त पेनीनं डुकराच्या मांसाचा चांगला तुकडा माझ्या पानात टाकला आणि म्हणाला, "खा. आज तुझ्या घरात बाई मुकादम आहे."

ही बातमी तुझ्यापर्यंत कोणी पोचवली ते मी विचारणार नाही. आमचं जेवण उरकायच्या आतच समुद्रापार गेली असणार.

रविवारी तुमच्याकडे सगळं बंद. सोमवारी काही नाही. मंगळवारी दुपारी मी पेटी काढत होतो, पोर किंचाळत होती, आणि नाइतेच्या खिशात फोन वाजला. तिनं आकडा बघितला. मग माझ्याकडे. "अक्का," ती म्हणाली.

मी लगेच उठून बाहेर गेलो, जसं जायला हवं तसं. मागच्या पायरीवर बसलो. जाळीच्या दारातून दिसत होतं, तुझं बोलणं ऐकू येत नव्हतं. तुला वाटेल या माणसाचे कान गेले कुठे. होते तिथेच. मी ते मुद्दाम द्राक्षांकडे वळवून ठेवले होते.

नाइते उभी होती. "हो," म्हणाली. नंतर, "हो अक्का." मग ती हळूहळू खाली बसली, अशी, की जणू पाय आधी बसले आणि मग ती. पदरानं, म्हणजे तिच्या त्या गुंडाळलेल्या कापडाच्या टोकानं तोंड पुसलं. तू काय म्हणालीस ते तिनं मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही. ते तुम्हा दोघींचं.

मग तिनं फोन पोरीच्या कानाला लावला.

पोर रडतच होती. एकदम थांबली. डोळे मोठे झाले, नंतर लहान झाले. आणि मग मला इथे पायरीवर, जाळीतून, एवढ्या लांबून, ऐकू आलं. फोन तू ओंडक्याशेजारी ठेवला असशील. ठक ठक, आणि उशिरा, ठक. बाकी सगळ्या बायकांच्या मोगऱ्या बंद होत्या, एकटी तुझी चालू होती. समोरच्या वेलींत धूसर ऊन उतरलं होतं आणि मला कळेना, मी रॉबिनवेलला आहे, की केळीच्या आड उभा आहे, की आईच्या मांडीवर आहे.

पोर झोपली. नाइतेनं फोन ठेवला आणि दाराशी आली.

"नाव काय?" मी विचारलं.

"सांगितलंय तसं सांगते," ती म्हणाली. "आधी हिला, मग मला, मग तुम्हाला, असा क्रम आहे. आणि निरोप आहे. तुमच्या अक्का म्हणाल्या, 'त्याला म्हणावं, या खेपेला मासा मी स्वतः धरलाय. शिजवू नकोस, जिवंत ठेव.'"

"पण नाव?"

नाइतेनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे केले. "वाइमोआना," ती म्हणाली.

आईचं नाव इतक्या वर्षांनी घरात कुणीतरी जिवंत माणसासाठी उच्चारलं.

येत्या रविवारी पाणी घालतात. बुवांना सांगून झालंय. शाळेतल्या बाईंनाही पेनी आत्तापासूनच शिकवायला जाणार म्हणतो, दात नसताना.

आज सकाळी नाइतेनं पलंगाखालून ती चटई काढली. तू दिलेली. इतकी वर्षं गुंडाळून तिला बाक आला होता, टोकं वर उचलून बघत होती. तिनं चार कोपऱ्यांवर चार द्राक्षांच्या पेट्या ठेवल्या, एक माझी ठोकायचीसुद्धा, आणि वाइमोआनाला मध्ये निजवलं. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. धुकं खिडकीशी आलं होतं. पोरीनं एक पाय उचलला, विचार केला, परत ठेवला. परत उचलला.

आणि पालथी पडली, अक्का. तुझ्या चटईवर, पहिल्यांदा.

हे बहिणीला सांगायचं नसतं. म्हणून भिंतीला सांगतोय. पण या वेळी जाता जाता नको ऐकूस. थांब. बस जरा.

सेमीसी